बायल्याचा शेवटचा चुडा

माझ्या नवऱ्याला बाजारात कुणी ‘झुंबरशेठ’ म्हणून हाक मारली तर तो मागं वळून बघत नाही. ‘ए बायल्या’ म्हटलं की लगेच ओ देतो, वर हसतोही. मला त्या हसण्याचा फार राग येतो.

दिसायला माणूस मर्दानी आहे. मिशी अशी की पैलवानानं उसनी मागावी. पण धंदा पडला कासाराचा. बारामतीच्या आठवडे बाजारात पाल टाकून बसायचं, समोर बायांचा घोळका, आणि एकेकीचा हात हातात घेऊन बांगड्या भरायच्या. ‘सैल सोड बाय, हात सैल सोड. सासू बरी हाय का? आणि दाल्ला? ऐकतो का तुझं?’ बाई सासूचं गाऱ्हाणं सांगायला लागली की तिची मूठ आपोआप ढिली पडते, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते तिला कळतसुद्धा नाही. गर्दीतून जाणारे बापये बघतात आणि जळतात. जळणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, मग तो ‘बायल्या’ म्हणतो. हे माझं मत. मी रतन, ह्याच पालात गल्ल्यावर बसते, त्यामुळे कोण किती जळतो ते मला नीट दिसतं.

आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेले काही रिवाज आहेत. बांगडी मोकळी विकायची नाही, भरूनच द्यायची. चुडा भरून झाला की एक बांगडी वरची भरायची, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. मग ती पोरगी वाकून नमस्कार करते आणि कासार तिला ‘माझ्या लेकी’ म्हणतो. ज्या हातात आपली बांगडी गेली ती आपली लेक, मग ती कुठल्याही जातीची असो. ह्या हिशोबानं माझ्या नवऱ्याला बारामती आणि इंदापूर मिळून इतक्या लेकी आहेत की दिवाळीत सगळ्या माहेरी आल्या तर एस.टी.ला जादा गाड्या सोडाव्या लागतील.

आमचा सुयोग मात्र ह्या शब्दानं पोळलेला. शाळेत असल्यापासून ‘बायल्याचं पोरगं’ ऐकत मोठा झाला. मागं त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलीचा मामा म्हणाला, ‘म्हंजी पोरगाबी पुढं बायांचेच हात धरणार व्हय?’ सगळे फिदीफिदी हसले. झुंबरही हसले. सुयोग हातातली बशी तशीच ठेवून उठला, आणि घरी येईपर्यंत बापाशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला तो एकदम निकालच.

“आप्पा, ह्यो बाजार शेवटचा. पुढच्या बाजारी त्या जागंवर मी मोबाईलच्या कव्हरचं दुकान लावतोय. तुमी आता घरी बसा.”

“बरं,” झुंबर म्हणाले.

हा माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, त्याचं. मी दोन दिवस भांडी आदळली. शेवटी म्हटलं, “अहो, तुमाला खरंच बंद करायचंय का?”

“मला कुठं करायचंय?” ते म्हणाले. “पण पोराला माझी लाज वाटती, रतन. लाज वाटणाऱ्या पोराशी काय भांडायचं?”

हे म्हणतानासुद्धा ते हसत होते, पण मिशीचं एक टोक थरथरत होतं. मी लग्नापासून ती मिशी वाचते आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर असा तो शेवटचा बाजार उजाडला. झुंबरनी बांगड्यांचे डबे पुसून पुसून मांडले, जणू काही डबेच सासरी जाणार होते. तेवढ्यात सुयोग मोटारसायकल घेऊन आला.

“आप्पा, हिरवा चुडा पायजे. मोठ्यात मोठं माप द्या.”

“कुणाच्या हातात भरायचाय?”

“हाय एक जण.”

“एक जण की एक जणी?”

सुयोग इकडंतिकडं बघायला लागला. “तुमी द्या की नुसता. बांधून द्या.”

“मोकळा चुडा देत न्हाय. हात कुठं हाय सांग, येऊन भरतो.”

खरं बाहेर काढायला मला वेळ लागला नाही. पोरगं माझं आहे, कान पिरगाळला की बोलतं. भानगड अशी होती की कालव्याच्या ऑफिसात समर्थ नावाचे एक नवे साहेब आले होते. कालव्याला पाणी सुटलं की आधी शेपटाकडची, टोकाची रानं भिजवायची, मग वरच्यांना द्यायचं, असा नियम. आणि हा साहेब तो नियम पाळत होता. वरच्या अंगाच्या पोरांचं म्हणणं, आमच्या डोळ्यांदेखत पाणी पुढं जातंय, कालव्यातनं फुटणाऱ्या आमच्या चारीचं दार आधी उघड. साहेब ‘नाही’ म्हणाला. पोरांनी दम दिला, तरी ‘नाही’. मग सुयोगचा दोस्त अविराज, ज्याचा ऊस त्या चारीवर होता, तो चिडून साहेबाच्या क्वार्टरवर गेला, तर साहेब गच्चीवर बायकोच्या साड्या वाळत घालताना सापडला. झालं! अविराजनं फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर फिरवला, आणि ठरलं: बायल्या साहेबाला साडीचोळी आणि बांगड्यांचा आहेर. हलगी लावून, वाजतगाजत.

“शेपटाला म्हंजी कुठं रं?” मी विचारलं.

“इंदापूरकडं.”

“आणि तुझं आजोळ कुठं हाय?”

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अगदी शेपटाला. तिथं पाणी पोचेपर्यंत वरच्यांनी वाटेत इतकं उचललेलं असतं की माझा भाऊ भिमा म्हणतो, आमच्याकडं कालवा येत नाही, त्याचा निरोप येतो. म्हणजे माझ्या भावाच्या वाट्याचं पाणी अडवायला माझं पोर माझ्याच पालातल्या बांगड्या न्यायला आलं होतं. मी चप्पल शोधायला लागले. पायात घालायला नव्हे.

पण झुंबरनी डबा उचलला होता.

“तुमी कुठं निघालात?”

“भरायला. कासाराला बोलावणं आलं की न्हाय म्हणायचं न्हाय.”

“अहो, त्या माणसाची इज्जत काढायला निघालीत ती!”

“ते इज्जत काढतील. मी बांगड्या भरीन.” खांद्यावर पंचा टाकत ते म्हणाले, “आणि रतन, शेवटचा चुडा हाय. न्हाय म्हणून शेवट कशाला करू?”

मी पालावर कापड ओढलं, शेजारच्या पेरूवालीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाजाराबाहेर उभ्या असलेल्या अविराजच्या टेम्पोत जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला कुणी उतरवूही शकलं नाही.

ऑफिसपुढं जत्रा भरली होती. हलगीवाला घामाघूम, पोरं नाचतायत, आणि दोन काठ्यांमध्ये कापडी फलक ताणलेला: ‘बायल्या साहेबांस समस्त ग्रामस्थांकडून आहेर’. त्या समस्तांत एकही बाई नव्हती. खुर्चीवर अध्यक्ष म्हणून हिंदुरावतात्या बसवलेले, कारखान्यातून रिटायर झालेले, आता कुठल्याही मोर्चाला अध्यक्ष म्हणून मिळतात, फक्त चहा वेळेवर लागतो. आणि मोबाईल काठीला लावून फिरणारा माऊली, त्याचं स्वतःचं बातम्यांचं चॅनेल आहे. बघणारे कमी असतात, पण तो बोलतो असा की दिल्ली कान लावून बसली आहे.

“तर मंडळी, आपण थेट पाहत आहात! तात्या, फलकावर बायल्या असं लिहिलंय. ह्या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून, हे आमच्या प्रेक्षकांना सांगा.”

तात्यांना वाटलं होतं पाण्यावर विचारतील. त्यांनी घसा खाकरला. “बायल्या म्हंजी... त्याचं असं हाय... बैल. बैलावरनं आला. खच्ची केलेला बैल असतो बघा, त्याच्यावरनं बायल्या.”

“ओ तात्या,” मागून एक जण ओरडला, “माझा बैल खच्ची हाय, पण एकटा गाडीभर ऊस ओढतो! तुमी ओढता का?”

हशा पिकला. अविराजनं माईक खेचला. “बैलाचा काय संबंध? जो बाईसारखा घाबरतो, त्यो बायल्या!”

“कुठली बाई घाबरती?” मी विचारलं. “तुझी आई घाबरती? परवा कुत्रं मागं लागलं तवा तू टेम्पोवर चढलास, आणि खाली काठी घेऊन कोण उभं व्हतं?”

माऊलीनं कॅमेरा गर्रकन माझ्याकडं वळवला. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. अविराजचे कान लाल. तात्या म्हणाले, त्यांचा मुद्दा अजून संपलेला नाही, पण चहा आला आणि मुद्दा संपला. मग प्रत्येकाला काहीतरी सुचायला लागलं. एक म्हणाला, गोव्याकडून आलाय हा शब्द. एक म्हणाला, मोबाईलमध्ये बघा. हलगीवाल्यानं सांगितलं, त्याच्या चुलत्याला म्हणत, तिथूनच सुरू झाला. पाण्याचं नाव कुणी काढेना.

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं आणि साहेब स्वतःच बाहेर आले. कोवळा पोरगा हो! चष्मा, शर्ट पॅन्टीत खोचलेला, खिशाला पेन. घाबरलेला दिसत होता. पण आला तो पायरीवर सरळ बसला.

“बाईल हा जुना मराठी शब्द आहे,” तो म्हणाला. “बाईल म्हणजे बायको. त्यावरून बायल्या. बायकोचा, बायकोच्या नादानं चालणारा.”

आपल्याला दिलेल्या शिवीचा अर्थ समजावून सांगणारा माणूस त्या मोर्चानं ह्याआधी पाहिला नव्हता.

“एवढंच?” मी म्हणाले. “बायकोचा?”

“मुळात एवढंच, काकू. बाकीचं लोकांनी नंतर घातलं.”

“मग ह्यात शिवी कुठं हाय? लगीन झालेला माणूस बायकोचा न्हाय तर काय शेजारणीचा असावा?”

हलगीवाल्यानं ह्यावर एक जोरदार ठेका दिला. त्याला राहवलंच नाही. मी आता थांबणारी नव्हते. गेली कित्येक वर्षं माझ्या नवऱ्याला जो शब्द चिकटवला होता, तो माझ्याच नावाचा निघाला होता. “बाईल म्हंजी मी!” मी माऊलीच्या मोबाईलमध्ये तोंड घालून सांगितलं. “माझं नाव घेऊन माझ्या नवऱ्याला चिडवताय, आणि ह्या बाईलीला कुणी इचारलंसुदीक न्हाय!”

“ते सगळं राहू द्या,” अविराज ओरडला. “आप्पा, भरा बांगड्या!”

झुंबर पुढं झाले. पायरीखाली त्यांनी पंचा अंथरला, मांडी घातली, डबा उघडला आणि साहेबाकडं हात पसरला. साहेबानं एकदा त्या मिशीकडं बघितलं, एकदा गर्दीकडं, आणि डावा हात पुढं केला.

“भरा,” तो म्हणाला. “पण पाणी शेपटालाच जाईल. ते भिजल्याशिवाय ह्या चारीचं दार उघडणार नाही.”

त्याची मूठ दगडासारखी आवळलेली होती. झुंबरनी ती दोन्ही तळव्यांत घेतली, आणि काय सांगू, सवय ती सवय!

“सैल सोड बाय, हात सैल सोड. नवं लगीन का?”

“हो... मागच्याच वर्षी.”

“सासुरवास न्हाय ना?”

गर्दी फुटली. पण झुंबरना हसू ऐकू येत नाही. हात हातात आला की त्यांना तेवढाच दिसतो. साहेबही आधी बावरला, मग त्याच्याही तोंडावर हसू आलं. “नाही,” तो म्हणाला. “सासूबाई चांगल्या आहेत.”

“बायको काय करती?”

“नर्स आहे, निकिता. दवाखान्यातून दमून येते.”

“म्हणून साड्या तू घालतोस व्हय?”

“नाही, नाही. ती म्हणते राहू दे. मलाच आवडतं. काठ जुळवून, झटकून घातली ना, की इस्त्री लागत नाही. गच्चीवर वारं असतं. साडी अशी भरते वाऱ्यानं...” आणि त्यानं उजव्या हातानं करून दाखवलं. तोपर्यंत डाव्या हातात हिरव्या बांगड्या चढल्यासुद्धा होत्या. पुरुषाचं रुंद हाड, अंगठ्याचा उंचवटा हा एवढा, पण एकही बांगडी वाढली नाही. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. मग उजवा हात झाला. शेवटी झुंबरनी वरची एक काढली आणि डाव्या हातात घातली.

“ही माझ्याकडनं. आता वाक.”

साहेब वाकला. चष्मा घसरला, तो त्यानं किणकिणत्या हातानं सावरला. झुंबरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “सुखी राहा, माझ्या लेकी.”

मागं कुणीतरी हसता हसता खाली बसलं. माऊलीचा मोबाईल हलायला लागला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसूनही असेल. इज्जत काढायला आलेला मोर्चा आणि हे तर चक्क लग्नघरासारखं झालं! अविराजला ते सोसवेना. तो उडी मारून पायरीवर आला आणि त्यानं साहेबाचं मनगट पकडलं.

“नाटकं बास. दाराची चावी काढ!”

“हात सोड,” झुंबर म्हणाले.

“तुमी मधी पडू नका, आप्पा.”

“हात सोड म्हणतो. लेक हाय ती माझी.”

“ए बायल्या, बाजूला हो!”

हलगी थांबली. आजवर हा शब्द चार हातांवरून यायचा, थट्टेत, पाठीमागून. असा तोंडावर, ह्या आवाजात, पोराच्या देखत कुणी दिला नव्हता. मी सुयोगकडं बघितलं. तो फलकाची काठी धरून उभा होता, आणि त्याचं तोंड मार खाल्ल्यासारखं झालं होतं. फलकावर तोच शब्द, त्याच्याच हातात.

“व्हय, बायल्याच हाय मी,” झुंबर शांतपणे म्हणाले. “पण तू आता हिसका देऊ नगंस. मुठीत काच हाय.”

अविराजनं खाली बघितलं. त्याची मूठ आणि साहेबाचं मनगट ह्यांच्यामध्ये हिरव्या काचेचा चुडा होता. जरा आवळलं किंवा ओढलं की दोघांची कातडी फाटणार. तो तसाच थिजला. आता त्याला धरताही येईना आणि सोडताही येईना, कारण रागानं आवळलेली मूठ अशी एकदम उघडत नाही.

“आप्पा...” त्याचा आवाज बारीक झाला होता.

“काय न्हाय व्हत. सैल सोड.” झुंबरनी आपले दोन्ही तळवे त्याच्या मुठीभोवती धरले. “सैल सोड लेका. आई कशी हाय? गुडघा दुखायचा तिचा.”

“दुखतोय अजून.”

“आणि छकुली? दिवस गेलेत म्हणं तिला?”

“व्हय... सातवा लागलाय.”

छकुली म्हणजे अविराजची बहीण. एकेक बोट सुटत होतं. करंगळी, मग तिच्या शेजारचं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदम, त्यामुळे तोंडाचं काय करावं कळेना.

तेवढ्यात सुयोगनं काठी खाली टाकली. फलक एका बाजूनं मातीत गेला. तो पायरीपाशी आला आणि अविराजच्या शेजारी उकिडवा बसला.

“अव्या,” तो म्हणाला, “छकुलीच्या लग्नात चुडा कुणी भरला? रडायची थांबत नव्हती, तुमी सगळे बापये मांडवाबाहेर पळाला व्हता. आत कोण बसलं व्हतं तिचा हात धरून?”

अविराजचा अंगठा सुटला. साहेबाचा हात बाहेर आला, सगळ्या बांगड्यांसकट, एकही न वाढता.

“आमच्या आप्पांना बायल्या म्हणायचं आसंल,” सुयोग म्हणाला, “तर आधी माझ्याकडं बघून म्हण.”

अविराज आपली मूठ चोळत उभा राहिला. त्याच क्षणी हिंदुरावतात्यांचा फोन वाजला. तात्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो, आणि माऊलीचं चॅनेल अजून सुरू होतं.

“आवं, किती येळ? भाकरी गार झाली!” आतून तात्यांच्या बायकोचा आवाज आला. “येताय का इझवू चूल?”

“आलो, आलो, निघालोच,” तात्या ताडकन उठले. अध्यक्षच उठल्यावर मोर्चा कुठं बसणार? आणि खरं सांगते, पाठोपाठ आणखी दोघातिघांचे फोन वाजले. जेवणाची वेळच झाली होती. ‘आलो गं’, ‘निघालो बघ’, ‘हे काय गाडीवरच हाय’, असं म्हणत समस्त ग्रामस्थ आपापल्या बाईलीकडं निघून गेले. साडीचोळीचा आहेर तिथंच राहिला. मी तो साहेबाच्या हातात दिला. साडी चांगली होती, निकिताला होईल म्हटलं.

घरी येताना तिघं एका मोटारसायकलवर होतो. मध्ये झुंबर, डबा पोटाशी धरून. मोबाईलच्या दुकानाचं मी काढलं नाही, त्यांनी काढलं नाही, सुयोगनंही नाही. तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. डबे कोपऱ्यात झाकून ठेवलेले, त्यांच्यावरून रोज झुंबरचा हात फिरायचा. माणसानं एकदा ‘बरं’ म्हटलं की ते मोडायचं नाही, हाही त्यांचा एक रिवाज.

बाजाराच्या दिवशी सकाळी उठले तर डबे जागेवर नव्हते. दोघं धावतच बाजारात गेलो. बघतो तर पाल ठोकलेलं, डबे रंगांनुसार मांडलेले, थोडे चुकीचे मांडलेले, आणि सुयोग आप्पांच्या जागेवर मांडी घालून बसलेला. मोबाईलची कव्हरंही होती, एका दोरीला टांगलेली, कोपऱ्यात.

“बसा की,” तो बापाला म्हणाला. “मला काय येतंय यातलं? शिकवा.”

झुंबर बसले. मिशीचं टोक असं थरथरत होतं की मी दुसरीकडं बघितलं.

पहिलं गिऱ्हाईक कोण यावं? समर्थ साहेब, बायकोला घेऊन. वरच्या चारीला त्यांच्या पाळीनं पाणी सुटलं होतं, शेपटाची रानं भिजून झाल्यावर. भिमानं फोन करून सांगितलं होतं की ह्या वेळी कालवा स्वतः आला. साहेबानं बाही सरकवली. घड्याळाच्या शेजारी ती वरची एक हिरवी बांगडी होती.

“बाकीच्या उतरवल्या,” तो म्हणाला. “ही निघत नाही.”

“काढायला बघितलीस का?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, आणि निकिता खुदकन हसली. “ह्यांचं माहेर बघायला आलेय मी,” ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

झुंबरनी तो हात सुयोगच्या हातात दिला. भर बाजारात, बायांच्या घोळक्यात, परक्या बाईचा हात! पहिली बांगडी वाढली. दुसरी वाढली. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. झुंबर कानाशी पुटपुटले, “हाताकडं बघू नगंस. तिच्याशी बोल.”

“सासू... सासू बरी हाय का?” सुयोगनं विचारलं, आणि निकिता अशी हसली की तिची मूठच सुटली.

तेवढ्यात पालासमोरून अविराजचा ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत ऊस, तोंडावर हसू, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक.

“ए बायल्या!”

“ओ!” झुंबर म्हणाले. “ओ!” समर्थ साहेब म्हणाले. पण सगळ्यात आधी ओ दिली होती सुयोगनं, मान वर न करता, कारण बांगडी नेमकी अंगठ्याच्या उंचवट्यावर आली होती.